फळा पुसायला लागणारा वेळ

गणिताच्या बाई उलट उत्तरासाठी प्रसिद्ध होत्या. एकतीस वर्षांत आठ मुख्याध्यापक आले आणि गेले, पण बाईंची जीभ काही बोथट झाली नाही. म्हणून त्या दिवशी शिपाईसुद्धा दारात कान देऊन उभा राहिला.

"वरचा मजला दुरुस्तीसाठी बंद," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचा वर्ग सत्रभर ऑनलाइन. बेचाळीसपैकी निम्म्या मुलांनी तरी धडे शेवटपर्यंत बघितले पाहिजेत. नाही बघितले, तर पुढच्या सत्रापासून गणिताचे तयार धडे विकत घेऊ. तुम्ही नुसती हजेरी सांभाळा."

बाई म्हणाल्या, "बरं."

नुसतं बरं! शिपाई हिरमुसून घंटेकडे गेला.

बाईंचे यजमान जाऊन सात महिने झाले होते. ते शिंपी होते. ते गेल्यापासून बाईंचं सगळं 'बरं'वरच चाललं होतं. रडू म्हणून आलं नव्हतं. वेळ झाली की जेवायचं, उजाडलं की उठायचं. घरात दिवसभर रेडिओ चालू. चहा सवयीने दोन कप व्हायचा, एक मोरीत जायचा. हजेरी सांभाळायची म्हणजे आपलं शिकवणं संपलं, हे त्यांना कळत होतं. पण दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल कसा आपला असून आपला वाटत नाही, तसं ते कळणं होतं.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या तज्ज्ञबाई वयाने बाईंच्या निम्म्या. धड्याचे छोटे तुकडे करा, एका तुकड्यात एकच गोष्ट सांगा, मध्ये प्रश्न विचारा. बाईंनी मुकाट्याने सगळं उतरवून घेतलं. यजमानांच्या शिवणखोलीत फळा टांगला, कापड बेतायच्या टेबलावर मोबाइल उभा केला आणि सात-सात मिनिटांचे धडे केले. कापाकापीला धाकटे दीर होते. जन्मभर लग्नांचे व्हिडिओ कापलेला माणूस.

"भावजी, मधल्या रिकाम्या जागा सगळ्या काढा," बाईंनी बजावलं. "एक सेकंदसुद्धा शांत ठेवू नका."

धडे झाले चकाचक. पहिल्या आठवड्यात शेवटपर्यंत पोचली तीन मुलं. दुसऱ्या आठवड्यात चार, आणि त्यातला चौथा दीरच निघाला.

तिसऱ्या आठवड्यात दिरांनी लॅपटॉपवरचा आलेख दाखवला. "हे बघा वहिनी, सगळी पोरं एकाच जागी पळतात. तुम्ही पहिला प्रश्न विचारला रे विचारला की संपलं! एवढा कसला धाक घालता?"

बाईंनी स्वतःचा धडा पहिल्यांदाच बघितला. पडद्यावरची बाई एका दमात म्हणाली, "पाऊण मीटर कापडातून अर्धा मीटर कापलं, उरलं किती? पाव मीटर. पुढे चला."

बाईंनी धडा तिथेच थांबवला. अहो, वर्गात त्या असं कधीच करायच्या नाहीत! प्रश्न टाकायचा, पोरांकडे पाठ करायची आणि फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसायचा. डस्टर खिळ्याला टांगेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही. तेवढ्या वेळात शेवटच्या बाकावरच्या गोगलगायीचंसुद्धा गणित सुटायचं. पाठाच्या वहीत हे कधी लिहिलं नव्हतं. हेही शिकवणं असतं, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

थांबायला त्या शिकल्या होत्या घरात. यजमानांच्या ओठांत कायम टाचण्या. "चहा टाकू का?" विचारलं की ते एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचायचे आणि मग म्हणायचे, "टाक." लग्नानंतरची दोन वर्षं बाई यावर भांडल्या, मग थांबायला लागल्या. आता प्रश्नानंतरची ती शांतता त्यांना सोसत नव्हती, म्हणून धड्यातूनही कापायला लावली होती. सरळ गोष्ट होती, पण कळायला जवळजवळ आठ महिने लागले.

"भावजी, नव्याने करू या. आणि फळा पुसणं कापायचं नाही."

"अहो, वीस सेकंद? पोरांना वाटेल नेट गेलं!"

"वाटू दे."

बाईंनी रेडिओ बंद केला. प्रश्न विचारला आणि पाठ फिरवली. मागे झाकण घातलेलं शिवणयंत्र होतं. खोलीत डस्टरचा तेवढा आवाज. अर्धा फळा पुसून झाल्यावर उत्तर स्वतःच सांगून टाकावंसं वाटलं. तरी कोपऱ्यापर्यंत पुसला, डस्टर टांगलं, वळल्या. "हं, सांगा."

सत्र संपताना आकडा आला सव्वीस.

"काय जादू केलीत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"फळा पुसला. तुम्हीही पुसून बघा कधी."

शिपाई दारातच खुदकन हसला. शेवटच्या बाकावरच्या त्या गोगलगायीने धड्याखाली लिहिलं होतं, "बाई, डस्टर खिळ्याला लागायच्या आत उत्तर आलं!"

चार वाजता बाई घरी आल्या. रेडिओ लावला नाही. पातेलं गॅसवर ठेवलं आणि शिवणखोलीकडे तोंड करून विचारलं, "चहा टाकू का?"

टाचण्या काढायला लागायचा तेवढा वेळ त्या थांबल्या. मग आणखी थोडा. मग एकच कप पाणी मोजून पातेल्यात ओतलं आणि ओट्याला धरून हमसून हमसून रडल्या.