जांभळी बोटं
काल जुना दुपट्टा रंगवताना बोटं जांभळी झाली आणि मला चौदाव्या वर्षाची एक संध्याकाळ आठवली. शाळेत माझ्याजवळ बसून कुणीच डबा खात नाही, हे मी फक्त डायरीत लिहिलं होतं. दोनच दिवसांनी आईने डब्यात दुप्पट चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, भरलं. "कुणाला तरी दे गं," ती सहज म्हणाली. मला ते सहज वाटलं नाही. आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. कुवेंपुनगरच्या घरातही माळ्यावर आजोबांचे रंगाचे डबे होते. त्यातली पूड बोटांना लागली तर कळत नाही, पाणी लागलं की उमटते, एवढं मला माहीत होतं. ती मी डायरीच्या पानांवर भुरभुरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर आधी डायरी चाळून पाहिली आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई भांडी घासत होती. फेस पांढराच होता. लाज वाटून मी हात धुवायला गेले, तर माझीच बोटं जांभळी झाली. "अय्यो, घासू नको!" मागून आई म्हणाली. "रंगाऱ्याची पोर ना तू? पूड लागली की आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग पाणी." कसली पूड, कुठून आली, काहीच तिने विचारलं नाही. दुप्पट डबा मात्र येत राहिला, आणि एके दिवशी मी तो शेजारच्या बाकावरच्या मुलीपुढे सरकवला. आता वाटतं, त्या संध्याकाळी मी फेस पाहिला, ओट्यावरचं कोरडं फडकं पाहायचं राहूनच गेलं.