दाजी पेटीच्या मागं व्हते

आमच्या दाजीएवढं जग बघितलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला न्हाई, आन ज्याच्यावर कोणाचाच भरोसा बसला न्हाई असा बी दुसरा झाला न्हाई. हे मी सांगायलोय म्हणून लगेच खरं धरू नका. मला अक्षराची वळख न्हाई. कोणी कागद पुढं धरला तर मी आधी तो शेळीनं कुठं कुठं खाल्लाय ते बघतो. पण जे बघितलं ते बघितलं. त्यातलं बी निम्मं मला बघायला मिळालं न्हाई, कामून की ऐन टायमाला मी घोंगडी धरून पाठमोरा बसलो व्हतो. ते पुढं येईलच.

दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. ते चुडाव्याकडचे, आमी पेडगावचे. दोन्ही घरं मेंढरावाली. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय ही. दाजी अंगानं वाळल्या काडीवानी, डोक्याला हे एवढं मुंडासं, आन उभं राह्यचं तर एका पायावर. आता मेंढरामागं फिरणाऱ्याला ही सवय असतीच. काठीला टेकायचं, एक पाय उचलायचा आन दिस मावळंपर्यंत उभं. पण दाजीचं एक जास्तीचं व्हतं. उचललेल्या डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते उजवी पोटरी खाजवायचे. भेले की जोरात, खुशीत असले की हळू, आन विचारात पडले की अंगठा नुसता टेकवून ठेवायचे. तोंडाकडं बघून दाजीच्या मनातलं कधीच कळायचं न्हाई. पोटरीकडं बघावं लागायचं.

लग्नात बी तेच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चालू, आक्का मान खाली घालून उभी. अशा वेळी नवरीला अंतरपाटाच्या खालनं नवऱ्याचे पाय तेवढे दिसतेत. आक्काला एकच दिसला. ती रडाया लागली. लोकांला वाटलं माहेर सुटतंय म्हणून रडायलीय. ती मायच्या कानात म्हणली, "माय, आबानं मला लंगड्याला दिलं." माय वाकून तिकडं बघून आली आन म्हणली, "दुसरा हाय गं, वर हाय." मी त्या लग्नात नवरीचा भाऊ. मला कोणीतरी म्हणलं कान पिळ नवऱ्याचा, तर मी गडबडीत भटजीचाच पिळला. तवापासून आमच्या घरच्या लग्नाला भटजी लवकर मिळत न्हाई.

आता हा माणूस विलायतेला गेला कसा? तर शेळीमुळं. आमच्याकडं एका नवाबसाहेबाची जागीर व्हती. त्यांचं पोट असं नाजूक की शेळीच्या दुधाबिगर काय पचायचंच न्हाई. दूध घालायला दाजी. पुढं नवाबसाहेबाच्या मनानं घेतलं की विलायत बघायची, तर पोटासाठी शेळ्या संगं घेतल्या, आन शेळ्यांसाठी दाजीला. आगबोटीत शेळ्या बसल्या, दाजी बसले. पर तिकडच्या बंदरात जनावराला उतरू देईनात. म्हणले आजारबिजार असंल. शेळ्या अडवल्या, दाजीला कोणी काय विचारलं न्हाई. आन नवाबसाहेबाचं पोट तिथल्या गाईच्या दुधानं आठ दिसांत झाक झालं. दाजीला कामच उरलं न्हाई.

नवाबसाहेबानं तिथं हलती चित्रं काढायची पेटी घेतली व्हती. मूठ फिरवायची की पुढचं सगळं आत जातं. त्यांनी दोन रोज फिरवली, दंड दुखाया लागला, मंग पेटी दाजीच्या हातात दिली. "ले, तू घुमा. सूरज कू पीठ पीछे रख, बस." एवढीच शिकवण. दाजी हुकमाचा माणूस. सूर्य जो पाठीला घेतला तो परत येईस्तोवर सोडला न्हाई. लंडनात सूर्य लवकर निघत न्हाई म्हणतेत, तर निघंपर्यंत रस्त्यावर एका पायावर उभं राह्यचे. एकदा मुंडाशावर कबूतर येऊन बसलं, तर ते बी त्यांनी हाकललं न्हाई. म्हणले, "बसू दे. ते बी सूर्याचीच वाट बघत असंल."

आन चित्रं कसली काढावीत? पारीस शहरात लोखंडाचा एक मनोरा हाय, लय मोठा. दाजीनं त्याचे नुसते पाय घेतले. मी म्हणलं, "दाजी, शेंडा कामून घेतला न्हाई?"

"शेंडा कोणी बी बघतंय, मेव्हणे. एवढं वझं पेलतंय कोण, ते बघाय नको?"

मी म्हणलं बरोबर हाय. खरं तर त्याला शेंडा हाय हेच मला तवर ठाऊक नव्हतं, मी पाण्याची टाकी समजत व्हतो. दुसऱ्या एका शहरात रस्त्याच्या जागी पाणीच पाणी. लोक होडीत बसून मिरवायलेत, आन दाजीनं घेतलं काय, तर ह्या माडीवरनं त्या माडीवर दोरी आन दोरीवर वाळत घातलेली धुणी. "चहूकडं पाणी. मला वाटलं ह्या लोकांची कापडं वाळत्यात तरी कशी."

पर सूर्य पाठीला म्हणल्यावर सावली पुढं पडणारच. ज्या त्या चित्रात खालच्या अंगाला दाजीच्या मुंडाशाची काळी सावली, आन मूठ फिरवणारं कोपर. हैदराबादेत येऊन नवाबसाहेबानं चित्रं बघितली आन दाजीवर भडकले. "ये काला भूत कौन है रे? सारी विलायत पे बैठ गया." चित्रांच्या फिती, घ्यायची पेटी, दाखवायची पेटी, सगळं दाजीच्या अंगावर टाकलं आन वाटंला लावलं. तवापासून दाजीला त्या सावलीची लय शरम. कोणापुढं नाव काढायचे न्हाईत तिचं.

इकडं घरी काय झालं ते ऐका. दोन पावसाळे माणसाचा पत्ता न्हाई. दाजीला बी अक्षर येत न्हाई, चिठ्ठी कुठली. आक्का पंचमीला माहेरी आलती, आबानं तिला परत धाडलंच न्हाई. पूर्ण्याच्या बाजारातनं कोणी सांगत आलं की दाजीला हैदराबादेत हाटेलात बशा विसळताना बघितलंय. आबाचं डोकं फिरलं. "विलायत म्हणं. शेळ्या घेऊन. मला काय दूधखुळा समजतेत?" आमच्यात काडीमोड करून पाट लावता येतो. पाथरीकडचा एक बिजवर, मेंढरं बक्कळ, तो आबाच्या बैठकीत येऊन बसाया लागला. आक्का नुसती दळायची. दळण संपलं तरी जातं फिरवत बसायची.

अशात एका दिवशी दाजी आले. दोन्ही पेट्या काखोटीला मारून दारात उभे, एका पायावर. आबा उठले बी न्हाईत.

"या जावईबापू. बशा विसळून झाल्या?"

"आबा, मी विलायतेला गेलतो."

"गेला असाल. दाखवा. पटलं तर आजच पोरगी घेऊन जा. न्हाई पटलं तर वाट मोकळी करा तिची."

दाजी म्हणले, दाखवतो.

आमचं घर माळवदाचं. जाड मातीच्या भिंती, खिडकी न्हाई, वर उजेडापुरतं एक भोक. त्याच्यावर घमेलं पालथं घातलं की भर दुपारी अंधार. भिंतीला आबाचंच धोतर बांधलं. दाखवायच्या पेटीत कार्बाइडची बत्ती, तिचा वास असा की माणसं नाक धरून विलायत बघायला बसली. गावातली चार शहाणी माणसं, तो पाथरीचा बिजवर, आन जात्यापाशी बायका, त्यांत आक्का. दाजीनं मला बाजूला घेतलं. "मेव्हणे, चित्राला खाली जरा डाग हाय. तुमची काळी घोंगडी घ्या, धोतराच्या खालच्या अंगाला आडवी धरून बसा. काय बी झालं तरी खाली घेऊ नका. माझा संसार तुमच्या हातात हाय." माझ्या हातात आजवर कोणी कोकरू बी भरोशानं दिलं नव्हतं. मी घोंगडी धरली आन चित्राकडं पाठ करून बसलो. पुढची सगळी विलायत मी माणसांच्या तोंडावर बघितली.

लंडन चालू झालं. दाजी भेलेले, हात जोरात फिरायला, तसं लंडन पळाया लागलं. आबा म्हणले, "हे लोक पळायलेत कामून? कोण मेलंय?"

"कोणी न्हाई, आबा. तिथं असंच चालतेत."

मनोऱ्याचे पाय आले, धुणी आली. बायका म्हणल्या, धुणी बरी धुतली हाईत. एवढंच काय ते कौतुक. मंग पाथरीचा बिजवर खाकरला. "असली चित्रं हैदराबादेत बाजारात मिळत्यात. ह्यात जावईबापू कुठं हाईत?"

आबानं तेच धरलं. "खरंच की. एवढी विलायत दाखवली, तुमी कुठं हाव ह्यात?"

"मी पेटीच्या मागं व्हतो, आबा."

"पेटीच्या मागं तर तुमी आत्ता बी हाव. आमच्याच घरात."

माणसं हसली. दाजी हसले न्हाईत. बत्तीचा झोत डोळ्यांवर असून बी मला कळलं, पोटरी खाजवायचा खर्र खर्र आवाज यायला व्हता. दाजी हळूच म्हणले, "एवढी एक फीत राह्यलीय. बघा, न्हाई तर मी निघतो."

फीत चालू झाली आन समोर बसलेला आमचा चुलता उठून उभाच राह्यला. "मेंढरं."

आता तुमीच सांगा. लंडन आलं मी वळलो न्हाई, पारीस आलं मी वळलो न्हाई. पर मेंढरं म्हणल्यावर माणसानं करावं तरी काय? मी वळलो. खाली पांढरा रस्ता, आन रस्त्यानं मेंढरंच मेंढरं, धष्टपुष्ट, लोकर अशी दाट की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. एक मेंढरू कळप सोडून धोतराच्या कडेला जायला लागलं. मी "हुर्रर्र" करून ते वळवायला दोन्ही हात पसरले. हातात घोंगडी व्हती हे इसरलो. घोंगडी खाली.

दाजी म्हणले, "गेलं." त्यांचा हात ढिला पडला, मूठ सावकाश फिराया लागली.

ते चित्र दाजीनं उंच बांधावर उभं राहून काढलेलं. पाठीला सूर्य, खाली रस्ता. इतर चित्रांत नुसतं मुंडासं पडायचं, इथं आख्खी सावली रस्त्यावर पडलेली, डोक्यापासनं पायापर्यंत. परमुलखाची मेंढरं तिच्यावरनं चाललेली. सावलीला पाय एकच. मंग नीट बघितलं तर दुसरा वर, आन अंगठा पोटरीवर. हळूहळू वर खाली, वर खाली.

आक्का पुरुषांपुढं कधी बोलली नव्हती. जात्यापासनं आवाज आला, "आबा, ते हाईत की."

"कोण?"

आता नवऱ्याचं नाव घ्यावं कसं? ती म्हणली, "ते. ज्यांचा अंतरपाटाखाली एकच पाय दिसला, ते." जरा थांबून म्हणली, "खुशीत हाईत. बघा, हळू खाजवायलेत."

आबा चित्राकडं बघत राह्यले. मंग मागं वळून पेटीकडं बघितलं. बत्तीच्या उजेडात दाजी एका पायावर उभे, हातानं मूठ फिरवायला, आन पायानं पोटरी सोलून काढायला. विलायतेतला माणूस हळू, माळवदातला जोरात. बाकी सगळं एक.

"परत लावा," आबा म्हणले. दाजीनं गडबडीत उलटं फिरवलं. मेंढरं पाठीमागं चालाया लागली, सगळं घर हसाया लागलं. आबा तेवढे हसले न्हाईत. बघून झाल्यावर म्हणले, "लोकर दाट हाय." आन मायला म्हणले, "बाईचं गठुडं बांधा." पाथरीचा बिजवर कवा उठून गेला ते कोणाला कळलं न्हाई. धोतर सोडून आबानं तिथंच नेसलं. विलायतेचं कुठं काय चिकटलंय का ते आधी झटकून बघितलं.

पाव्हण्यारावळ्यांत अजून म्हणतेत, भावानं बहिणीचा संसार वाचवला. मी बी न्हाई म्हणत न्हाई. खरं म्हंजे मी एक मेंढरू वळवायला गेलतो, आन ते बी वळलं न्हाई.

पुढं राज्य बदलायच्या धामधुमीत लोक रानोमाळ झाले, त्यात पेट्या गेल्या, फिती गेल्या. दाजीला त्याचं काय वाटलं न्हाई. म्हणायचे, बघायचं ते बघून झालं. मंग एका उन्हाळ्यात ते बी गेले. भिंतीला लावायला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध झाली, तर ज्या माणसानं आख्खी विलायत पेटीत भरून आणली त्याचं स्वतःचं एक चित्र न्हाई. सापडला तो आक्काच्या फणीकरंड्यात बोटभर फितीचा तुकडा. तो तिनं कवा कापून घेतला, तिलाच ठाऊक.

परवा मी गेलतो. आक्का आता थकली. उंबऱ्यात बसून तो तुकडा उन्हाकडं धरून एक डोळा मिटून बघत व्हती. हात थरथरतो तिचा, तसा तुकडा हलतो. मी काय म्हणायच्या आत तीच म्हणली, "बघ. अजून हळूच खाजवायलेत."

मी बघायला वाकलो, तर म्हणली, "सरक की तिकडं. तुझी सावली पडायलीय त्यांच्यावर."

मी सरकलो.