दुसरा खांब

शाळेची व्हॅन रोज संध्याकाळी झाडावी लागते. सीटखाली एका पायाचे मोजे सापडतात, नीकॅप सापडतात, पाण्याच्या बाटल्या, कधी अर्धा खाल्लेला पेरू. न्यायला कुणी येत नाही. किस्से असेच साचतात. मुलं खेळून घरी जातात आणि किस्से माझ्याकडे राहतात. रविवारी आमच्या मंडळींत एखादा सांगितला की लोक म्हणतात, लिहून काढा. सातवीपर्यंत शिकलेला माणूस लिहून लिहून किती लिहिणार? तरी यंदाच्या सीझनचं लिहितो. मी नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी सांगेल, आणि वेगळंच सांगेल.

शाळा बसवनगुडीत आहे, मी तिथं ड्रायव्हर आहे. आमच्या घरी मराठी, मैदानावर सगळं कन्नड. इथं मी ते माझ्या भाषेत लिहितोय. मला सगळे अण्णा म्हणतात. पहिलीतली पोरंही आणि प्रिन्सिपल मॅडमही.

*

माझ्या व्हॅनचा एक नियम आहे. मॅचहून परत येताना हरलेली टीम पुढे बसते, जिंकलेली मागे. का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. मी एकदाच सांगतो. जिंकलेल्याला कुठंही बसवलं तरी तो खूशच असतो. हरलेल्याला समोरचा रस्ता दिसला पाहिजे.

यंदा सीझनच्या सुरुवातीला क्रिकेटची मुलं जिंकली आणि बास्केटबॉलची हरली. क्रिकेटचा कॅप्टन आमच्या ट्रस्टींचा पुतण्या. तो कप घेऊन पुढच्या सीटवर बसला. मी व्हॅन सुरू केली नाही. त्यानं काकांना फोन लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला.

ट्रस्टींनी विचारलं, मागच्या गर्दीत एवढा मोठा कप ठेवायचा तरी कुठं?

मी म्हणालो, "सीटखाली. मोजे तिथंच ठेवतात."

पोरगा मागे गेला. व्हॅन सुरू झाली. ट्रस्टींनी ते लक्षात ठेवलं, हे मला पुढे कळलं.

*

आमचे पी.टी. सर माणूस चांगला. फक्त त्यांच्या तोंडात एकच शब्द आहे: सरी. म्हणजे ठीक आहे. मॅडम म्हणाल्या, उद्या मैदान ड्रिलला द्या. सरी. क्रिकेटचे कोच म्हणाले, उद्या नेट लावतो. सरी. ट्रस्टी म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, मैदान रिकामं ठेवा. सरी, सर.

दुसऱ्या दिवशी ड्रिलची मुलं नेटमध्ये अडकली आणि पाहुण्यांनी ते पाहिलं. ट्रस्टींनी सरांना सगळ्यांसमोर झापलं. सर काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

खो-खोच्या मुलींनी एकदा त्यांची परीक्षाच घेतली. एक म्हणाली, सर, आज प्रॅक्टिस आहे ना? सरी. दुसरी म्हणाली, सर, आज प्रॅक्टिस नाही ना? सरी. कॅप्टन रेणुका म्हणाली, "सर, तुम्ही कधी नाही म्हणालात तर मी गांधी बझारात पेढे वाटीन."

सर हसले आणि म्हणाले, "सरी."

*

आता खांबाचं.

खो-खोला मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब लागतात. पाठलाग करणारी मुलगी खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरू शकत नाही. खांबाला हात घालून ती गरकन वळते. खांब गेला की खेळ अर्धा झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा गेटकडचा खांब काढला. कारण? ट्रस्टींची नवी गाडी लांब आहे, तिला वळताना तो आडवा येत होता.

शाळा सुरू झाली आणि मुली एका खांबाभोवती उभ्या राहिल्या. सरांनी दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पहिल्याच फेरीत खुर्ची आणि मुलगी दोघी भिंतीवर गेल्या. मग झाडाची कुंडी ठेवली. ती माळ्यानं उचलून नेली, वर बडबडला. मी व्हॅनला टेकून हे बघत होतो. रेणुका माझ्याकडे आली. तिची आई गांधी बझारात फुलं विकते. मुलीची जीभही बाजारातलीच.

"अण्णा, तुम्ही रिकामेच उभे आहात ना?"

मी म्हणालो, मी ड्युटीवर आहे.

"व्हॅन सुटायला वेळ आहे. इथं उभे आहात, ते तिथं उभे राहा."

तेव्हापासून गेटकडचा खांब मी.

*

खांब होणं सोपं नाही. पहिल्या दिवशी मुलगी अंगावर आली तसा मी बाजूला झालो, आणि ती तोंडावर पडली. रेणुकानं मला रागावून सांगितलं की खांब हलत नाही. माझं वय तिला दिसत नव्हतं असं नाही. पण तिचं बरोबर होतं. मग मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी धावणारी मुलगी माझ्या पाठीमागे दडली. पाठलाग करणारीला ती दिसेना. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "डावीकडे बघ, डावीकडे."

रेणुकानं खेळ थांबवला. "अण्णा, खांब बोलत नाही."

पाटीवर, म्हणजे मधल्या रांगेत, बसलेल्या सगळ्या हसल्या. मी गप्प झालो, ते प्रॅक्टिस संपेपर्यंत. त्यानंतर त्या जागेवर मी कधी तोंड उघडलं नाही. एकदा खिशात फोन वाजत राहिला. माझा मुलगा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून करत होता. वाजू दिला. रात्री तो विचारत होता, फोन का उचलला नाही, तब्येत बरी आहे ना? खांबाला फोन येत नाही, हे त्याला कसं सांगणार?

शर्टाची उजवी बाही मात्र दर आठवड्याला उसवायची. मुली तिथंच धरून वळतात. बायकोनं विचारलं, या वयात कुणाशी मारामारी करता? मी म्हणालो, नववीच्या मुलींशी. तिनं जुनी जीन्स कापली आणि बाहीला आतून ठिगळ लावलं.

*

सगळ्या शाळेसमोर ट्रस्टींनी जाहीर केलं की मातीचं मैदान आता जाणार. तिथं निळं रबरी कोर्ट होणार, बास्केटबॉलचं. मातीनं युनिफॉर्म मळतो, पालक तक्रार करतात. खो-खोच्या मुलींनी थ्रोबॉल खेळावा.

रेणुकानं हात वर केला. तिला म्हणायचं होतं की आम्ही झोनल जिंकलो तर?

ट्रस्टींना हसू आलं. एका खांबावर सराव करणारी टीम! ते माइकवरून म्हणाले, "जिंकून दाखवा. मैदान तुमचं."

सगळ्या शाळेनं ऐकलं. मीही ऐकलं. व्हॅनच्या खिडकीतून.

*

झोनलची पहिली मॅच के. आर. पुरमला होती. तिथं खरे खांब होते, लाकडी, गुळगुळीत. आमच्या मुली त्यांच्याकडे पाहुणे आल्यासारख्या बघत होत्या.

खेळ सुरू झाला. आमची शांता सुसाट गेली, खांबावर जोरात आदळली, वळली आणि वळता वळता खांबाला म्हणाली, "सॉरी, अण्णा!"

समोरच्या टीमच्या मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पुढच्या वळणावर दुसरीनंही तेच केलं. सवयच झाली होती. अंपायरनं पी.टी. सरांना बोलावून विचारलं, या मुली खांबाशी का बोलतात? हा काही इशारा आहे का? सर म्हणाले, "सरी."

पण एक गोष्ट त्या हसणाऱ्यांना कळली नाही. आमच्या मुली माणसाच्या हाताला धरून वळायला शिकल्या होत्या. माणूस घामेजतो, बाही हातातून निसटते. लाकूड निसटत नाही. त्या दिवशी त्या अशा वळल्या की धावणाऱ्यांना पळायला जागाच उरली नाही.

हसणारी टीम माझ्या व्हॅनमध्ये असती तर पुढे बसली असती.

*

मुली फायनलला पोचल्या. फायनल शनिवारी होती. गुरुवारी दुपारी काँट्रॅक्टर आला.

काम सीझननंतर सुरू व्हायचं ठरलं होतं. पण त्याच्या माणसांनी उरलेला खांब उपटला, टेम्पोत टाकला आणि खड्ड्यात काँक्रीट ओतलं. सांगितलं, ट्रस्टींची ऑर्डर आहे. पी.टी. सर तिथंच होते. ते नेहमीचा शब्द म्हणाले.

संध्याकाळी मुली आल्या. कुणी रडलं नाही. माझ्या व्हॅनजवळ रडायची सोय नाही, हे त्यांना ठाऊक आहे. रेणुकानं दोन्ही टोकं पाहिली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अण्णा, या."

मी गेटकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मुली आपापल्या पाट्यांवर बसल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पलीकडचं टोक रिकामं होतं. सगळ्या तिकडे बघत होत्या.

पी.टी. सर भिंतीशी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिशात ठेवली आणि चालत पलीकडच्या टोकाला गेले. खड्ड्यातलं काँक्रीट अजून ओलं होतं. सर त्यातच उभे राहिले. पांढरे बूट रुतले.

खेळ सुरू झाला. शांता त्यांच्या बाहीला धरून वळली आणि सॉरी म्हणाली. सर हलले नाहीत.

तेवढ्यात ट्रस्टींची गाडी गेटमधून आत आली. वळायला जागा नव्हती, कारण मी होतो. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग ते स्वतः उतरले. मला म्हणाले, बाजूला हो. मी समोर बघत राहिलो. म्हणाले, व्हॅनची किल्ली आत्ताच्या आत्ता ऑफिसात जमा कर. किल्ली खिशात होती. ती तिथंच राहिली.

मग त्यांचं लक्ष पलीकडे गेलं. ते मैदानाच्या मधून चालत सरांपर्यंत गेले. मुलींना पाय आवरून घ्यावे लागले.

"सर, हा काय तमाशा आहे? प्रॅक्टिस बंद करा आणि या मुलींना घरी पाठवा."

मैदानावर सगळं थांबलं. गेली कित्येक वर्षं हा माणूस या आवाजाला एकच उत्तर देत आलाय. सरांचे ओठ उघडले. तो शब्द आता येणार, हे मला इतक्या लांबूनही दिसत होतं.

रेणुका शेवटच्या पाटीवर बसली होती, सरांच्या अगदी जवळ. ती उठली नाही. मान तेवढी वळवली.

"सर," ती ट्रस्टींना म्हणाली, "खांब बोलत नाही."

पी.टी. सरांनी तोंड मिटलं.