जखडमंत्र आणि दादाची मूठ

या गृहस्थाला ऑफिसात 'विषारी' म्हणत. माणूस इतका निरुपद्रवी की समोर मुंगी आली तर तिलाच आधी वाट देईल. पण काम म्हणाल तर विष किती फेऱ्या चढावं, भुरळ कधी उतरावी, झोपेच्या मंत्राने राक्षसाने किती घोरावं, हे ठरवण्याचं! टेबलावर फासे टाकून खेळायच्या एका जुन्या मांत्रिकी खेळावरून त्याची कंपनी व्हिडिओ गेम बनवत होती. "काल दोनशे जणांना विष दिलं, सोळाच मेले," असं तो लिफ्टमध्ये हळहळून सांगे, आणि अनोळखी लोक मधल्याच मजल्यावर उतरून जात.

संगणकात भरण्याआधी प्रत्येक आकडा तो घरी फाशांवर पडताळून बघे. समोर थोरला भाऊ. लहानपणापासून पंच तोच. नियम तोंडपाठ, आणि दयामाया गावीही नाही. दोन वर्षांपूर्वी दादाची उजवी बाजू गेली. त्या बाजूचं दिसणंही गेलं. जीभ मात्र शाबूत. तिला हात लावायची आजाराचीही हिंमत झाली नसावी.

व्यायामाच्या नावाने दादा शिव्या घाली, म्हणून विषारीने शक्कल काढली. वीस बाजूंचा फासा दादाच्या उजव्या मुठीत ठेवायचा. मूठ उघडून तो टेबलावर पडला की झाली फेक. खेळात दादाचा योद्धा जखडमंत्राने जागच्या जागी खिळलेला; सतरा किंवा जास्त पडले की तो सुटला. दादा घाम गाळू लागला.

पण फाशाला नात्यागोत्याचं काय! सलग नऊ दिवस योद्धा जखडलेलाच.

"उद्यापासून नको रे," दादा म्हणाला. "तो एक, मी एक. एका घरात दोन-दोन ओंडके कशाला?"

त्याच आठवड्यात साहेबांनी फर्मावलं होतं, "जखडलेले खेळाडू कंटाळून गेम बंद करतात. फासा दाखव, पण आतून जरा झुकता ठेव. कुणाला कळतंय?" विषारीने ठेवला. खेळाडू खूश, साहेब खूश. मग त्याने हीच अक्कल घरी आणली. फासा दादाच्या न दिसणाऱ्या बाजूला पडे आणि आकडा वाचून दाखवायचं काम विषारीचं. पडले चार, हा ओरडला, "अठरा! सुटलास, दादा!"

दादा खुलला. बोटं पूर्वीपेक्षा जास्त उघडू लागली. पण जन्मभर शक्यतांची गणितं मांडणारा हा पठ्ठ्या थापा मारताना गणितच विसरला. चौदा फेकींत बारा वेळा सुटका!

"पाचांत एकदा सुटावं असा आकडा आहे हा," दादा शांतपणे म्हणाला. "आत्ता किती पडले?"

"एकोणीस."

दादाने मान पार वळवून पाहिलं. टेबलावर दोन होते.

"दादा, पण हात खरंच सुधारलाय! तेवढं खरं आहे!"

"तेही तूच वाचून दाखवणार ना?"

तीन आठवडे दादाने फासा हाती घेतला नाही. मूठ मिटली ती मिटलीच. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बोटं ओढून पाहिली आणि पुढची तारीख न देताच त्या गेल्या.

विषारीने ऑफिसात झुकता फासा काढून टाकला.

"अरे, लोक पळतील!" साहेब ओरडले.

"पळू देत. पण पडले तेच दिसू दे."

घरी येताना त्याने आरसा आणला आणि दादाच्या डाव्या हाताला टेबलावर उभा केला. त्यात उजवी बाजू दिसत होती. "आता तूच वाच."

दादाने डाव्या हाताने आरसा जरा स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "ठेव."

विषारीने एकेक बोट उचकटून फासा आत सरकवला. बोटं लगेच मिटली. दादाच्या कपाळाची शीर फुगली. आरशातली मूठ तशीच.

"हलली का रे जरा?"

विषारीच्या जिभेवर 'हो' आलं होतं. त्याने ते गिळलं.

"नाही, दादा."

"हं. मलाही नाही दिसली." दादाने डोळे मिटले.

"काढू फासा?"

"राहू दे आतच. उद्याची फेरी माझीच आहे."