गाडीचा तळ
लेकीच्या लग्नानंतर तिला आणि विहीणबाईंना मी आमच्या जुन्या गाडीतून माहूरला दर्शनाला घेऊन निघालो. गाडी माझ्या वडिलांची, आणि तिचं कौतुक मी वाटेभर त्यांना ऐकवत होतो. घाट चढताना मागून काहीतरी फाटल्याचा आवाज आला. तळाचा पत्रा गंजून कुजला होता, तो फुटला आणि विहीणबाईंचा पाय थेट खाली गेला. मी गाडी थांबवली. पाय वाचला, चप्पल मात्र मागे रस्त्यावर पडून दरीत गेली. माझ्या शेजारी बसलेली लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

"लागलं न्हाई इवाई, चला," त्या म्हणाल्या आणि देवीच्या पायऱ्या अनवाणीच चढल्या. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

नांदेडला परतल्यावर मी गॅरेजात उभं राहून कुजका पत्रा कापायला लावला आणि नवा जाड पत्रा वेल्डिंग करून घेतला. दिवाळीला त्या आमच्याकडे आल्या, नंतर त्यांना लातूरला घरी सोडायचं होतं.

"तळ नवा बसवलाय, बिनघोर बसा," मी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या.

लोहा ओलांडल्यावर मी आरशात पाहिलं. त्या दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसल्या होत्या.