सोळांतल्या उरलेल्या आठ

रविवार, सकाळ. हजर: मी, वायरमन शिंदे आणि आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर माझे बाबा.

मेन स्विच अधूनमधून आपोआप पडतो आणि मशीन थांबतं. बोर्डावर एमसीबीचे चार खटके, म्हणजे बंद-चालूच्या सोळा तऱ्हा. मी वहीत तक्ता आखला. मशीनचा खटका चालू ठेवून आठ तपासल्या. दोष सापडला नाही. एकेक खटका खाली येताना घरातले आवाज विझत गेले आणि शेवटी मशीनची घरघर तेवढी उरली.

"ताई, आता हेही बंद करावं लागेल," शिंदे म्हणाले.

"करा की! तेवढा मी श्वास धरतो," आतून बाबा.

मी हसले. मग मनात आलं, एक दिवस या उरलेल्या आठही तऱ्हा निवांत तपासता येतील. शिंद्यांना चहा दिला, परत पाठवलं. आठ रकाने अजून कोरेच आहेत.