उंच टाचांवर घेतलेली मापं

होंडुरासमधल्या चोलोमाच्या शिलाई कारखान्यात नोएमीनं उमेदीची सगळी वर्षं कॉलरी जोडण्यात घालवली होती. बायांच्या अंगमापानं नवी टेबलं-खुर्च्या करायचं ठरलं, तेव्हा टेप तिच्याच हाती आली. बायांचं दुखणं बाईला कळंल, असा मॅनेजरचा हिशेब.

मापाच्या दिवशी फोटो निघणार, अशी कुणीतरी पुडी सोडली. झालं! समद्या बाया चर्चला निघाल्यागत नटून, उंच टाचांच्या बुटांत हजर. एरवी मशिनीवर सपाट चपला.

"बूट काढा गं," नोएमी म्हणाली.

"काढते की! मग फोटोत मला कडेवर घे," डेल्मी म्हणाली. डेल्मी नोएमीच्या लेकीची धर्ममाय. दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या.

सगळी लाइन खिदळली. नोएमीही हसली आणि टाचांसकट मापं घेत गेली. चुकतंय, हे तिला कळत होतं. पण कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या बायांवर साहेबीण होऊन डाफरायचं तिच्या जिवावर आलं.

टाचांच्या मापानं नवी टेबलं-खुर्च्या उंच झाली; खुर्च्यांवर पाय लोंबायला लागले. बायांनी स्क्रू ढिले करून त्या खाली घेतल्या. टेबलं मात्र वेल्ड केलेली, ती कुठं हलणार? खांदे कानाला लावून शिवणं आलं. सवय होईल, असं मनाशी म्हणत नोएमी गप्प बसली.

एके दुपारी डेल्मी डाव्या हातानं बालेआदाची दुमडलेली पोळी खात होती. आतला राजमा मांडीवर सांडत होता.

"खांदाच उचलंना बघ, कोमाद्रे. तू एवढं नवं टेबल दिलंस, पर माझंच हाड कुचकं."

नोएमीनं हातातला घास खाली ठेवला. ती उठून तडक मॅनेजरपुढं उभी राहिली.

"मापं टाचांसकट घेतली. मला ठाऊक होतं. टेबलांचे पाय कापा."

"वेल्डरवर ढकलू. तुझं नाव कशाला?"

"माझंच घ्या."

पाय कापले. टेप गेली, नोएमी परत कॉलरीवर बसली. त्याचं तिला काही वाटलं नाही. डेल्मीला सांगणं जड गेलं.

"एकदा वरडली असतीस," डेल्मी म्हणाली, "तर शिव्या घालत का हुईना, काढलेच असते की गं बूट."

"हां."

"हां काय, हां! केस बांधता येईनात मला." तिनं पाठ फिरवली. "बांध."

नोएमीनं गुंता सोडवून वेणी घातली. डेल्मी वळून न बघता मशिनीकडं गेली. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी ती पुन्हा तशीच येऊन पाठ करून बसली.